बसलेल्यांचं पान

शुक्र. ३ मे

सकाळी पोळ्या लाटत असतानाच पुण्याहून प्रकाशक बाईंचा फोन. आमचं 'तळखोरं' छापायचं ठरतंय, पण सगळा मजकूर महिनाअखेर हवा आणि त्याआधी एक परीक्षा. ज्यांनी मला कधी पाहिलेलं नाही अशा टेबलानं, म्हणजे खेळणाऱ्यांच्या गटानं, नुसतं पुस्तक वाचून खेळ चालवायचा. मी तिथं बसायचं, हवं तर लिहून घ्यायचं, तोंड उघडायचं नाही. म्हणाल्या, "शिल्पाताई, पुस्तकाबरोबर तुम्ही घरोघर थोड्याच जाणार आहात?" बाईंचं बरोबर आहे, म्हणून जास्त राग आला.

टेबल मिळालं पूर्णेचं. रेल्वे क्वार्टरमधली चार माणसं, दर रविवारी खेळतात. कांबळे म्हणून सिग्नल खात्यातले आहेत, ते खेळवतात. परवाच जायचंय.

आईचं नेहमीचं: "कॉलेजात शिकवतीस अन् घरी राजा-राक्षस खेळतीस." तिला सहा वर्षं समजावतेय. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यात माणसं होऊन फिरायचं, अडलं तिथं वीस बाजूंचा फासा टाकायचा, मोठा आकडा आला तर जमलं. ते जग ज्या पुस्तकात मांडून ठेवलेलं असतं ते मी आणि मन्मथ लिहितोय. आई म्हणते, मग तेच म्हणाले मी.

संध्याकाळी मन्मथच्या कापडदुकानात गेले. (यापुढं नुसतं म. आमचं टेबलही त्याच्याच दुकानात, ताग्यांच्या मागं.) पहिला प्रश्न, त्याचं राजवंशाचं प्रकरण बाईंना कसं वाटलं? चाळीस पानांची तीन करा म्हणाल्या, असं सांगितलं. तोंड पडलं त्याचं. मग आमचं जुनंच भांडण. मी म्हणते, राजाचा पणजोबा कोण होता हे रविवारी टेबलावर कुणाच्या कामाचं? कुणाला काय हवंय, कोण आडवं येतंय, आणि कुणीच काही केलं नाही तर येत्या अमावस्येला काय होईल, एवढं लिही, जग आपोआप चालतं. तो म्हणतो, इतिहास नसलेलं जग म्हणजे लग्नाचा मांडव, दुसऱ्या दिवशी जागेवर नसतो.

'बसलेले' हे माझं प्रकरण मात्र बाईंना फार आवडलं. पुस्तकाचं काळीज म्हणाल्या. मुखपृष्ठावर तेच घेणार. मला आनंद झाला आणि म.समोर तो लपवता आला नाही.

शनि. ४ मे

उद्यासाठी बसलेले पुन्हा वाचलं. राजानं नदी अडवली, सात गावं तळाला गेली. जिवंत माणसं वर आली, मेलेली खाली राहिली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की चिखलात बसलेली दिसतात. पाठ ताठ, डावी मूठ आवळलेली.

हे मला सुचलेलं नाही, म.नं दिलेलं आहे. त्याचं घर लिंगायत. त्यांच्यात माणसाला बसवून माती देतात, डाव्या हातात त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवून. त्यांचं जुनं गाव येलदरीच्या धरणात गेलं. आमच्यासारख्यांची माणसं जळून गेलेली, मागं ठेवायला काही नव्हतं. त्यांची माणसं जमिनीत होती, ती तिथंच राहिली. अकरावीत असताना एसटी स्टँडवर शेंगा खात म.नं हे सहज सांगितलं होतं. तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आमच्या टेबलावर हे प्रकरण किती वेळा खेळलोय. म.चं पात्र दर वेळी बसलेल्यांसमोर थांबतं, हात जोडतं, बाकीचेही थांबतात. मग पुढं.

मागच्या महिन्यात बाई म्हणाल्या होत्या, प्रत्येक ठिकाणी खेळणाऱ्याच्या हाती काहीतरी लागलं पाहिजे. म्हणून एक ओळ घातली: डाव्या मुठीत मणी, मूठ फोडल्यास मिळतो, तो जवळ असेल तर पाण्यात श्वास घेता येतो. चांगली ओळ आहे. म.ला दाखवायची राहिली.

रवि. ५ मे

लिहवत नाही, पण लिहिते.

मानवत रोडला पॅसेंजर धरली, मी आणि म. कांबळ्यांकडं कूलर, पोहे, टेबलावर पुस्तकाच्या झेरॉक्स. माणसं चांगली. जाधव म्हणून मालगाडीवर गार्ड आहेत, मोठ्यानं हसणारे, त्यांचं पात्र हातोडा घेऊन फिरणारा लोहार. पहिला तासभर माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी लिहिलेल्या कोळ्याची वाक्यं कांबळे स्वतःच्या आवाजात बोलत होते. माझ्याशिवाय जग चालत होतं.

मग पाणी उतरलं, बसलेले दिसले. कांबळ्यांनी वर्णन छान वाचलं. आणि त्याच पानावर पुढं माझी ओळ.

जाधव म्हणाले, "मणी हाय व्हय? मग फोडा की." फासा टाकला, एकोणीस आले. टाळ्या पडल्या. दुसऱ्या बसलेल्याची मूठ, तिसऱ्याची. चौथी म्हातारी होती. जाधव हसत म्हणाले, "आजी, सोड की आता." तिचा हात मनगटातून गेला. कांबळे बिचारे पुस्तकात होतं तेच वाचत होते.

म. माझ्या शेजारी होता. त्याचा हात शर्टावरून गळ्याकडं गेला, त्याचं स्वतःचं लिंग तिथं असतं. तसाच उठला आणि बाहेर गेला. मला बोलायची बंदी होती.

परतीच्या गाडीत तो दुसऱ्या डब्यात बसला.

सोम. ६ मे

म. फोन उचलत नाही.

दिवसभर एकच विचार. आमच्या टेबलावर कधी कुणी मूठ उघडली नाही, कारण म. तिथं असायचा. त्याचं थांबणं पुस्तकात नव्हतं, ते त्याच्या अंगात होतं. मी पुस्तकात मेलेले घेतले, मूठ घेतली, आणि थांबणं घ्यायचं विसरले. परक्या टेबलाच्या हाती जे पडलं ते त्यांनी सरळ खेळलं. जाधवांवर राग काढून उपयोग नाही. काल मला तो आला होता आणि त्याची लाज वाटते.

गुरु. ९ मे

नासिर येऊन गेला. आमच्या टेबलावरचा, म.च्या दुकानासमोर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणाला, "मन्मथ गिऱ्हाइकाशी बोलायलाय, बाकी कुणाशी न्हाई." चहा फुंकत बसला. मग हळूच: "आमचे बी मातीतच असतेत, शिल्पा. तू पहिल्यांदा ते प्रकरण खेळवलंस तवा मी उठून घरला जाणार होतो. पण मन्मथ हात जोडून उभा ऱ्हायला, मग मला बी बरं वाटलं."

हे त्यानं सहा वर्षांत कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं.

बाईंना फोन केला. बसलेले काढलं तर? त्या तुटकच बोलल्या. ते काढलं तर उरलेलं पुस्तक दहा पुस्तकांसारखं अकरावं, मी का छापू? कांबळ्यांनी कळवलेला पूर्णेचा वृत्तांत त्यांना फार आवडलाय. "टाळ्या पडल्या म्हणे." पडल्या, म्हटलं.

शुक्र. १० मे

अक्षय्य तृतीया. आईनं सकाळी पितरांसाठी पाण्याचा घट भरला. बसव जयंती म्हणून म.चं दुकान बंद, आणि नेमका आज आप्पांचा निरोप, ये म्हणून. आप्पा म्हणजे म.चे वडील. पंचाहत्तरी ओलांडली, अजून गादीवर ताठ बसतात.

गेले. म. आतल्या खोलीत होता, बाहेर आला नाही. आप्पा म्हणाले, "पोरगं नीट जेवत न्हाई. काय झालंय तुमच्यात?" मी सगळं सांगितलं. मऊ करून सांगितलं नाही, त्यांच्यासमोर ते जमत नाही.

आप्पांनी मांडीवरची काठी बाजूला ठेवली. मग, "त्या चिखलात बाया बी हायत का बसलेल्या?"

"हायत, आप्पा."

"मग माझी माय बी असंल."

मला माहीत नव्हतं. म.नं पणजोबा, चुलत पणजोबा सांगितले होते. आप्पांची आई, ते लहान असताना गेलेली, हे माहीत नव्हतं.

"तिची मूठ बी फोडली का त्यांनी?"

मी म्हटलं, आप्पा, खेळ आहे तो. तोंडातून निघताक्षणीच नको नको झालं.

"खेळ हाय ते ठावं हाय मला. म्हणून तर विचारायलोय. खेळताना माणूस मोकळा असतो, मनातलं करतो." मग एकदम, "येलदरीला गेलीस का कधी?"

नाही. सात बुडालेली गावं लिहिली आणि एक बुडालेलं गाव दोन-अडीच तासांवर असताना बघायला गेले नाही. फोटोंवर काम भागवलं.

"मंगळवारी चल. मन्मथ गाडी चालवील. बोलला न्हाई तरी चालवील."

मंगळ. १४ मे

सकाळी निघालो, जिंतूर मागं पडलं. आप्पा पुढं, मी मागं, आरशात म.चे डोळे. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पाणी बरंच उतरलंय, पण गाव काही दिसलं नाही. नुसता पाण्यावरचा उजेड, कडेला भेगाळलेली माती, लांब कुणाचीतरी मासेमारीची होडी. मला वाटलं होतं, निदान देवळाचा कळस तरी दिसेल. माझ्या पुस्तकात दिसतो.

आप्पा काठीनं दाखवू लागले. तिथं चावडी. तिथं चिंच. काठी फिरत राहिली, मग खाली आली. "आता न्हाई सांगता येत कुठं ते."

मग आपणहूनच बोलले. गाव उठलं त्या दिवशी बैलगाडी भरून झाल्यावर त्यांचे वडील समाधीपाशी गेले. आप्पा हाताला धरून. वडील मोठ्यानं म्हणाले, "आमी सेलूला चाललाव. मारवाड्याच्या दुकानामागं घर घेतलंय." एवढं बोलून निघाले. मी विचारलं, असं सांगायची रीत आहे का? आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "घरातून निघताना माणूस सांगून निघत न्हाई का?"

थोड्या वेळानं: "सेलूत धंदा जमला न्हाई. दोन वर्सांनी पाथरीला आलो. तवर हितं पाणी चढलं होतं. पाथरीचं तिला कुणी सांगितलंच न्हाई."

मला रडू आलं. आप्पांना नाही आलं. ते पाण्याकडं बघत होते. म. म्हणाला, "आप्पा, आता सांगा की." दहा दिवसांत त्याचा धड आवाज मी पहिल्यांदा ऐकला. आप्पा म्हणाले, "एवढ्या पाण्यातून ऐकू जातंय का." आणि गाडीकडं निघाले.

मी मागून विचारलं, तुमच्या आईचं नाव काय होतं? "पुस्तकात घालायला?" नाही घालत. "मग कशाला पायजे?"

परतताना आप्पांना डोळा लागला. म. समोर रस्त्याकडं बघत म्हणाला, "ती मुठीची ओळ कधी लिहिलीस?"

"मागच्या महिन्यात."

"मला का दाखवली न्हाईस?"

"तू काढायला लावली असतीस."

म्हणजे राहिली नव्हती. ४ तारखेला 'राहिली' असं लिहिलंय ते खोटं आहे. खोडणार नाही, तसंच असू दे.

शुक्र. १७ मे

तीन दिवस तेच पान. मणी काढला. पुढच्या पानावर रात्री ते उठतात ती लढाई काढली. बसलेले आता उठत नाहीत, कुणावर चालून येत नाहीत. फक्त हे:

ज्यांना घरची माणसं सांगून गेली त्यांचे डोळे मिटलेले. ज्यांना कुणीच सांगितलं नाही, किंवा सांगितलेला पत्ता पुढं बदलला, त्यांचे डोळे उघडे. ते उघडे आहेत तोवर पाणी तळाकडं जाणाऱ्या खालच्या वाटेनं कुणालाही जाऊ देत नाही.

म्हणजे शोधा, त्यांचं गाव कुठं जाऊन वसलं. परत या. सांगा. नाव घेऊन सांगा.

नावाची जागा मोकळी ठेवली. ती टेबलानं भरायची. माझ्याकडं नावं नाहीत, आणि असती तरी माझी नाहीत.

एका गोष्टीवर दुपारभर अडले. 'मूठ फोडू नये' असं लिहायचं का? लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी नाही ठेवलं. मनाई वाचली की पहिलाच माणूस तेच करणार. आणि जिथं वाईट वागताच येत नाही तिथं चांगलं वागण्यालाही काही किंमत नाही. मुठीबद्दल एवढंच ठेवलं, की आवळलेली आहे. भीती वाटतेय. जाधवांकडं हातोडा आहे.

रवि. १९ मे

दुकानात ताग्यांच्या मागं नवं पान खेळवून पाहिलं. मी, नासिर, नासिरची बायको. म. टेबलाशी बसला नाही, धोतरजोड्या मोजत उभा राहिला. आप्पा गादीवर, डोळे मिटून, पण झोपलेले नव्हते.

नासिरनं विचारलं, "बरं, या बाईचं गाव गेलं कुठं? कुणाला विचारू?" मी पानं चाळली. कुठंच नाही. सातही गावं बुडवली मी, ती वर येऊन कुठं गेली हे लिहिलंच नाही.

म. मागून म्हणाला, "दुसऱ्या राजानं तीन गावांना उत्तरेला घाटाखाली जमीन दिली. दोन बंदरावर. एक मोडलं, घरं पांगली. एकाचा पत्ता लागत न्हाई." धोतरांवरून नजर न काढता. हे सगळं त्याच्या चाळीस पानांत होतं. मी तीन करायला निघाले होते.

त्याला म्हटलं, तुझी पानं परत घेतेय, सगळी नाही, पण ही. तो म्हणाला, "इतिहास लागतोच म्हण." लागतो, कुणीतरी विचारलं की. यावर आम्ही पूर्वीसारखे भांडलो आणि मला किती बरं वाटलं हे त्याला सांगितलं नाही.

शुक्र. २४ मे

बाईंचं उत्तर आलं. कल्पना सुंदर, पण खेळणारे कंटाळतील. हाती काही लागत नाही, लढाई नाही. पूर्णेच्याच टेबलावर परत चालवा. टेबल रंगलं तर नवं पान छापते. नाही रंगलं तर जुनं. जुनंही नको असेल तर मग आपण थांबू. बोलणं गोड, पण अर्थ स्वच्छ. जुनं मी देणार नाही. म्हणजे परवा सहा वर्षांचं पुस्तक एका मालगाडीच्या गार्डच्या हातात आहे.

मुखपृष्ठावर तुझं नाव घालू ना, म.ला विचारलं. "पूर्णेनंतर सांगतो."

आप्पांनी आतून हाक मारली. "मी बी येणार हाय." त्यांना तिथं काय बघावं लागेल ते मी सांगू लागले. म्हणाले, "लहान लेकरू हाय का मी?"

रवि. २६ मे

पूर्णा. हे तिथंच बसून लिहितेय. बोलायचं नाही, लिहायची मुभा आहे. भरभर लिहितेय, पुढं वाचता येईल का माहीत नाही.

आप्पा खिडकीपाशी कॉटवर, बशीत चहा. म. माझ्या शेजारी, पंख्याकडं बघतोय. जाधवांना आप्पा कोण ते माहीत नाही. मन्मथचे वडील, पाथरीहून आलेत, एवढंच.

पाणी उतरलं. कांबळे वाचताहेत. चिखल. ओळीनं बसलेले. एका बाईचे डोळे उघडे.

जाधव: "मूठ?"

कांबळे: "आवळलेली हाय."

जाधव: "मागल्या बारीला मणी होता." कांबळ्यांनी पान उलटून बघितलं. "आता तसं काही लिहिलेलं न्हाई."

जाधव: "फोडता येईल का पण?"

कांबळे: "येईल. पुस्तक न्हाई म्हणत न्हाई."

फासा जाधवांच्या हातात. गोल गोल फिरवताहेत. शेजारचे म्हणताहेत, टाका की. आप्पांची बशी हवेतच. म.चा हात गळ्याशी. हा माणूस हसला तर मी पुस्तक आजच इथं सोडून जाईन.

टाकला नाही अजून.

जाधव: "हिचेच डोळे कशापायी उघडे?"

कांबळे वाचतात: घरची माणसं दुसरीकडं गेली, तिथून आणखी कुठं गेली, ते हिला कुणी सांगितलं नाही.

जाधवांनी फासा मुठीत धरला. कूलरचा आवाज. मग म्हणाले, "आमी शिट्टी दिल्याबिगर गाडी हलवत न्हाई. अन् ह्यांनी..." वाक्य अर्धंच. शेजारचा म्हणतोय, अहो गार्डसाहेब, खेळा. ते त्याच्याकडं बघत नाहीत.

फासा टेबलावर ठेवला. टाकला नाही, ठेवला.

जाधव: "मी बसतो तिच्यासमोर. हातोडा मागं ठेवलाय. गाव कुठं गेलं ते आपल्याला मघाशी बंदरावर कळलंय न्हवं? मग सांगून टाकू." थांबले. "नाव काय हिचं?"

कांबळ्यांनी पान बघितलं. मागचं बघितलं. "नावाची जागा मोकळी हाय."

"मग हाक कशी मारू?"

कांबळे माझ्याकडं बघताहेत. मी मान खाली घातलीय, लिहितेय, मला बोलता येत नाही. म. पंख्याकडं बघायचा थांबलाय. जाधव म्हणताहेत, काहीबाही नाव नको, घाई न्हाई, थांबतो मी.

खिडकीपाशी बशी खाली ठेवल्याचा आवाज. आप्पांनी घसा खाकरला.